ओंडेकरांची जागा

ओंडेकरांना बुधवारी सकाळी कापून नेलं. यंत्राच्या करवतीने तुकडे केले, दोरीने आवळले, टेम्पोत चढवले, आणि मागचं फळकूट लावता लावता टेम्पोवाल्याने विचारलं, "अजून कुणी आहे का?"

वरचा परिच्छेद तुम्ही वाचला नाही असं धरून चला. मीही तो लिहिलेला नाही. बुधवार अजून उजाडायचाय, टेम्पोवाला त्याच्या घरी पांघरुणात आहे, आणि ओंडेकर बागेच्या मागच्या कोपऱ्यात, तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पडले तिथेच आडवे आहेत. तब्येत उत्तम. कुजण्यात कुठेही कसूर नाही.

ओंडेकर हे झाडाचं खोड. दोघांच्या कवेत न मावणारं झाड एका वादळात मुळासकट पडलं, फांद्या लोकांनी उचलून नेल्या, खोड राहिलं. बागेचे साहेब, म्हणजे ज्यांच्या सहीशिवाय बागेतलं पान गळतं पण उचललं जात नाही ते, माणसं घेऊन खोड हलवायला आले, तेव्हा माझी आत्या त्यावर डबा उघडून बसली होती. "माझं जेवण होऊ दे," म्हणाली. आणि संध्याकाळपर्यंत जेवत राहिली. माणसं कंटाळून गेली. साहेब मात्र थांबले. शेवटी तिने त्यांनाही एक घास दिला.

आत्या बागेतल्या स्वयंसेवकांची प्रमुख आहे. तिला कुणी निवडलं हे कुणाला आठवत नाही, बहुतेक तिनेच. आयुष्यभर ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसली. घाबरलेल्या माणसाला गोड बोलून खुर्चीत बसवणं हे तिचं काम होतं, आणि बसलेला माणूस पळून गेल्याचं एकही उदाहरण नाही. दवाखाना सुटल्यावर तिने बाग धरली. दर शनिवारी तिची माणसं तळ्यातला कचरा काढायची, झाडांना गिळत सुटलेली एक आगाऊ वेल मुळापासून उपटायची, आणि उपटलेली वेल पुढच्या शनिवारपर्यंत परत उगवायची. मीही जायचे. एरवी मी एका कुरिअर कंपनीत नोकरी करते, तिथेही साधारण हेच चालतं.

"पडलेलं झाड मेलेलं नसतं, ठमे," आत्याने मला त्या दिवशी सांगितलं. माझं नाव ठमी नाही. "त्याची फक्त बदली झालेली असते. आधी ते सावलीच्या खात्यात होतं, आता मातीच्या खात्यात आहे. याच्या आत आता जेवढे जीव राहायला येतील तेवढे ते उभं असताना नव्हते. याला हात लावायचा नाही. कुणीच."

साहेबांनी एका अटीवर खोड राहू दिलं. त्यावर मुलं चढता कामा नयेत. कुणी पडलं, कुणाला लागलं, की दुसऱ्या दिवशी खोड बागेबाहेर.

आता बागेत आडवं पडलेलं खोड आणि मुलांनी त्यावर चढायचं नाही, हे म्हणजे खीर समोर ठेवून मांजराला वाचन करायला सांगण्यासारखं होतं. आत्याने पाटी लावली, मुलांनी पाटीवर पाय देऊन चढायला सुरुवात केली. मग आत्या माझ्याकडे वळली.

"तू लहानपणापासून थापा मारतेस," ती म्हणाली. "आता त्या थापांचं काहीतरी भलं कर."

अशी रविवारची गोष्ट सुरू झाली.

पहिल्या रविवारी मुलं नेहमीप्रमाणे खोडावर उभी होती. मी म्हणाले, "जरा हळू. तुम्ही ओंडेकरांच्या पाठीवर उभे आहात."

"कोण ओंडेकर?"

"हे काय, झोपलेत. घरात एवढे भाडेकरू घेतल्यावर माणूस दमणारच."

मुलं उतरली. सगळ्यात शेवटी उतरली ती पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी. तिने मला विचारलं, "पण का?" ती प्रत्येक गोष्टीला हेच विचारते, म्हणून तिचं नाव पण-का.

"का म्हणजे?"

"पण का घेतले भाडेकरू?"

"एकटं वाटतं गं आडवं पडल्यावर."

हे तिला पटलं. तिला पटलं म्हणजे बाकीच्यांना पटलं.

त्यानंतर दर रविवारी मी एकेका भाडेकरूची गोष्ट सांगायला लागले. अळंबीबाई घरातसुद्धा छत्री उघडून बसतात, कारण वरच्या मजल्यावरचे मुंगळे फरशी पुसताना पाणी सांडतात. मुंगळ्यांचं म्हणणं, पाणी आमचं नाही. कोळी सगळ्यांचे कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधून देतो आणि मग कपड्यांसकट गिऱ्हाईक ठेवून घेतो. आणि सगळ्यांत लाडका घरजावई. ही भुंग्याची पांढरी, अंगठ्याएवढी अळी. ती वर्षानुवर्षं आत पडून लाकूड कुरतडते. बाकीचे जावई घरातलं खातात, हा घरच खातो. सासरे एका शब्दाने बोलत नाहीत, कारण एक दिवस त्याला पंख फुटणार, तो उडून जाणार आणि मग ओंडेकरांना करमणार नाही.

ओंडेकरांना चेहरा मात्र नव्हता. ते पालथे झोपलेत, त्यामुळे कुणी पाहिलेला नाही, असं मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. मुलांनी पुष्कळ गळ घातली. मी हटले नाही.

मुलांनी आपापले नियम केले. खोडाजवळ मोठ्याने बोलायचं नाही. बसण्याआधी दोनदा टकटक करायचं. मग सालीला कान लावून श्वास रोखायचा. सगळे खरंच गप्प राहिले तर आत बारीक कुरकुर ऐकू येते. यात माझी काही थाप नाही. घरजावई जेवतो त्याचा आवाज येतो.

शनिवारी संध्याकाळी आत्याच्या घरी आम्ही अवजारं धुवायचो. स्वयंसेवकांना बागेत खोली नव्हती, म्हणून खुरपी, फावडी, घमेली आणि एक ढकलगाडी आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायची. ढकलगाडी न्हाणीघरात. आतोबा रोज तिच्यात बसून आंघोळ करायचे, कारण उभं राहायला दुसरीकडे जागाच नव्हती.

"मला आता बाहेर काढून ओतलंत तरी चालेल," ते आतून म्हणायचे.

तसल्याच एका संध्याकाळी आत्याने विचारलं, "खरं सांग, ठमे. कसा आहे त्यांचा चेहरा?"

मी खुरप्यावरची माती काढत होते. म्हणाले, "एक डोळा मोठा आहे. सुतारपक्ष्याने तिथे बरेच दिवस काम काढलं होतं. आणि वरच्या दोन दातांत फट आहे, चांगली बोट जाईल एवढी. त्याची लाज वाटते त्यांना. म्हणून पालथे पडलेत."

आत्या इतकी हसली की बादली लवंडली. तीस वर्षं लोकांचे दात बघितलेली बाई, तिला ती फट नेमकी दिसली असणार. डोळे पुसत म्हणाली, "हे मुलांना सांगू नकोस हां. बिचाऱ्यांना लाज वाटते ना. हे आपल्या दोघींत राहू दे."

राहिलं. माझ्याकडून तरी.

इकडे रविवारची गर्दी वाढत गेली. आयाबाबा यायला लागले, आजोबा घडीच्या खुर्च्या घेऊन यायला लागले. साहेब एकदा आले, मागे उभं राहून गोष्ट ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि फोनवर सगळ्यांचे फोटो काढले. जाताना आत्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मला वाटलं पाटीबद्दल असेल.

शनिवारी मात्र माणसं गळत गेली. तिसऱ्या मजल्यावरून फावडं खाली आणायचं, संध्याकाळी चिखलासकट वर न्यायचं. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचा लांबचा भाऊ दर शनिवारीच गावाला जाणारा. शेवटी वेल उपटायला आम्ही तिघंच. आत्या, मी आणि ज्यांना घरी न्हाणीघरातही उभं राहायला जागा नव्हती ते आतोबा.

मग सभा लागली. बागेच्या कचेरीत, शुक्रवारी. विषय होता 'बालगोष्टी परिसराचा विकास'. मी साहेबांना विचारलं, विकास म्हणजे काय. ते म्हणाले, "ओंडेकरांचा भव्य पुतळा. फायबरचा. आतून पोकळ, मुलांना शिरता येईल असा. त्याच जागेवर, कारण गर्दी तिथेच बसते."

"आणि ओंडेकर?"

"तेच म्हणतोय ना मी. पुतळा."

"अहो, खरे ओंडेकर."

साहेब माझ्याकडे थोड्या काळजीने बघत म्हणाले, "ते खोड ना? ते हलवावं लागेल. पुतळ्याला जागा नको?"

मी घरी आले तेव्हा पोट धरून हसत होते. खोड वाचावं म्हणून गोष्ट सांगितली, आता गोष्टीचा पुतळा बसावा म्हणून खोड काढणार. असलं मला सुचलं असतं तर मी आठवडाभर मिरवलं असतं. आत्याला फोन करून सांगितलं. ती पलीकडे हसली नाही, पण तिच्या तोंडात बहुतेक टाचण्या असाव्यात, ती शिवत होती.

"तू येशील ना सभेला?" मी विचारलं.

"येणार तर."

"डबा आण. साहेबांना रात्रीपर्यंत बसवू."

"बघू," आत्या म्हणाली. "तू उगाच काळजी करू नकोस. काही दुखणार नाही."

म्हणून मी काळजी केली नाही. साहेबांना आत्या कशी खाली बसवते हे बघायला मिळणार या आनंदात मी चांगली वेणी घालून सभेला गेले.

कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. सकाळी चालायला येणारी मंडळी होती, काही आया होत्या. आत्या पुढच्या रांगेत, स्वच्छ साडीत. डबा नव्हता. मी मनात म्हटलं, आज बिनडब्याचा डाव दिसतोय.

मी उभी राहिले. बोलले. खोडात कोण कोण राहतं ते सांगितलं, घरजावयाला पंख फुटायला अजून अवकाश आहे ते सांगितलं. लोक छान हसले. मग साहेबांनी मोठा कागद उलगडून भिंतीला लावला आणि म्हणाले, "हे आपलं संकल्पचित्र."

कागदावर ओंडेकर बसले होते. हात हलवत होते. एक डोळा मोठा होता. हसू रुंद होतं, आणि वरच्या दोन दातांत फट होती. बोट जाईल एवढी.

मी आत्याकडे पाहिलं. आत्या कागदाकडे बघत होती. अगदी लक्ष देऊन, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी.

"ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत," साहेब म्हणाले.

आत्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मला आधी वाटलं, तिला बोलायचंय. मी तर आजूबाजूच्यांना म्हणालेसुद्धा, "थांबा, थांबा, आत्या बोलतेय." सगळे थांबले. आत्या काही बोलली नाही. हात तसाच. बांगडी कोपरापर्यंत घसरली, ती तिने दुसऱ्या हाताने सारखी केली, पण हात खाली घेतला नाही. मग बाकीचे हात वर गेले. आत्याचा हात बघूनच गेले. बागेत तिच्याइतकं त्या खोडाचं कुणी नव्हतं, तिला चालत असेल तर इतरांना काय.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती खुरपी धूत होती. मी माझं खुरपं उचललं नाही.

"दातातली फट तू सांगितलीस," मी म्हणाले.

"चित्रकार विचारत होता, चेहरा कसा. कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

"आपल्या दोघींत राहू दे, असं कोण म्हणालं होतं?"

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता तो एकदम बंद झाला. आतोबा ऐकत होते.

"कधीपासून ठरलंय हे?"

"फोटो काढायला आले होते त्या दिवसापासून." तिने खुरपं कागदावर वाळत ठेवलं. "खोली देतायत, ठमे. बागेत. कुलूप असलेली, पाण्याचा नळ असलेली. गोष्टीचा पुतळा करू द्या, त्याच कामात खोली घालतो म्हणाले. इतकी वर्षं मागतेय मी. कधी दिली का कुणी?"

"खोली कशाला हवी?"

"अवजारं ठेवायला."

"अवजारं कशाला हवीत?"

"झाडं वाचवायला," असं म्हणून ती थांबली. मग चिडली. "तू मला शब्दात पकडू नकोस. तुझ्या गोष्टीला बाग भरते. माझ्या वेलीला किती येतात? आपण तिघं, आणि त्यातला एक घरात जागा नाही म्हणून येतो. मी किती दिवस फावडी जिन्याने वर नेऊ? खोली झाली की माणसं परत येतील. एका खोडासाठी अख्खी बाग वेलीला देऊ का?"

"मग हे सभेच्या आधी मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"मी सभेत सगळ्यांसमोर उभं राहून बोलले, आत्या. तू समोर बसून ऐकत होतीस."

"छान बोललीस," ती म्हणाली. आणि हे तिने मनापासून म्हटलं, तेच वाईट.

न्हाणीघराचं दार जरासं उघडलं. आतोबा म्हणाले, "मी बाहेर येऊ का नंतर येऊ?"

दार परत लागलं.

आता तो बुधवार, जो मी लिहिलेला नव्हता. सभेनंतर काही आठवड्यांनी तो उजाडला. मी रजा टाकून एक घमेलं घेऊन गेले. करवत चालू होण्याआधी जेवढे भाडेकरू निघतील तेवढे काढले. अळंबीबाई हातात येता येताच मोडल्या. मुंगळे चावले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. घरजावई सापडला, ओला, पांढरा, तळहातावर वेटोळं करून पडलेला. त्याला मी कुंपणापाशी दुसऱ्या एका कुजक्या फांदीत नेऊन ठेवलं. फांदी फार बारीक होती. तो त्यात मावला नाही, अर्धा बाहेरच राहिला. मी वरून पाला टाकला.

आत्या आली नाही. म्हणजे बागेत आली होती. तळ्याच्या पलीकडे नव्या खोलीला दार बसवत होते, तिथून तिचा आवाज येत होता. कडीला गंज तर नाही ना लागणार, असं ती सुताराला विचारत होती. करवत थांबली की ऐकू यायचं, सुरू झाली की नाही.

शनिवारी पुतळा आला. रविवारी गोष्ट होती.

रविवारी सकाळी आत्या मला फाटकाशीच भेटली. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मुलं विचारतील. सांग काहीतरी. मोठ्या जंगलात राहायला गेले, असं काही. तुला येतं ते."

मला येतं. मला ओंडेकरांना विमानात बसवता आलं असतं, खिडकीची जागा मागायला लावता आली असती, हवाईसुंदरीला घरजावयासाठी लाकडाचा भुसा आणायला पाठवता आलं असतं. फाटकापासून तळ्यापर्यंत जाता जाता सगळी गोष्ट डोक्यात तयार झाली, माझी इच्छा नसताना.

मुलं पुतळ्याभोवती उभी होती. कुणी चढलं नव्हतं. फायबरचे ओंडेकर हसत होते, दातांतली फट सगळ्या जगाला दाखवत. पण-का पुढे झाली, तिने दोनदा टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग तिने कान लावला. सगळे गप्प राहिले, आजोबासुद्धा.

"आत कुणी नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले.

"पण का?"

"खऱ्या ओंडेकरांना कापून नेलं."

एका आईने घसा खाकरला. पण-का माझ्याकडे बघत राहिली. "कुणी सांगितलं कापायला?"

"सभेने."

"सभा कोण?"

"सभा म्हणजे खूप माणसं. सगळ्यांनी हात वर केले."

"तू केलास?"

"नाही."

"मग पहिला हात कुणाचा?"

असा प्रश्न मोठ्या माणसांना सुचत नाही. आत्या माझ्या मागेच उभी होती, हातात दंताळं घेऊन. मी वळले नाही. मी तिला वेळ दिला. दवाखान्यात ती घाबरलेल्यांना द्यायची तेवढा. ती एवढंच म्हणाली असती, की माझा होता गं, तर मी तिथल्या तिथे तिच्यासाठी गोष्ट सांगितली असती, विमान, खिडकी, हवाईसुंदरी, सगळं.

"चला रे पोरांनो," आत्या म्हणाली, "नवी खोली बघायची का? आत नळ आहे."

मुलं जरा घुटमळली. मग एक गेला, मग दोघं, मग आया, खुर्च्या उचलून आजोबा. पण-का सगळ्यांत शेवटी गेली, मागे वळून बघत बघत. थोड्या वेळाने नळ सोडल्याचा आवाज आला आणि मुलांचा ओरडा. नळाला पाणी चांगलं आहे.

मी पुतळ्याजवळ बसून होते. फोनवर हे लिहिलं आणि पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या.

प्रति,
आत्या,
प्रमुख, स्वयंसेवक मंडळ.

विषय : हात खाली घेण्याबाबत.

महोदया,
वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गेल्या महिन्यातील शुक्रवारच्या सभेत आपण आपला उजवा हात वर केला होता. सदर हातावर विसंबून इतर हात वर झाले, व अर्जदार त्या वेळी आपण बोलणार आहात अशा समजुतीत लोकांना थांबवत उभी होती. खोली, नळ व कुलूप यांबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. खोड परत मिळावे अशीही मागणी नाही. तरी सदर हात त्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने खाली घेण्यात यावा, आणि तो वर गेलाच नव्हता असे अर्जदारास खात्रीपूर्वक वाटेल अशी व्यवस्था आपल्या स्तरावर करण्यात यावी, ही नम्र विनंती.